आठवणींची ठेव नव्या घरी
भरलेली हार्ड डिस्क बदलताना घ्यावयाची काळजी

दिवाळीची सुट्टी संपत आलेली असते. परगावी नोकरी करणारी मुले घरी जमलेली असतात. भाऊबीजेचे फोटो निघालेले असतात, नातवाने धरलेल्या पहिल्या फुलबाजीचे चित्रण झालेले असते. रात्री जेवणे उरकल्यावर कोणीतरी मोबाईलमधील हा सारा ऐवज घरातल्या त्या काळ्या डबीत, म्हणजेच एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये उतरवू पाहते आणि पडद्यावर सूचना उमटते, की डिस्कमध्ये पुरेशी जागा उरलेली नाही. मग काटछाट सुरू होते. कोणते फोटो पुसावेत, मुंजीचे की सहलीचे? आजोबांच्या पंचाहत्तरीची चित्रफीत पुसावी म्हटले तर हात धजत नाही. अखेर दुसऱ्या दिवशी बाजारातून मोठी डिस्क आणण्याचे ठरते आणि सारे निश्चिंत मनाने झोपी जातात.

वास्तविक खरी जोखीम येथूनच सुरू होते. नवी डिस्क दुकानात मिळते. जुन्या डिस्कमधील ऐवज मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. भाड्याचे घर बदलताना सामानाच्या ट्रकपेक्षा देव्हारा आणि दागिन्यांचा डबा यांची चिंता अधिक असते. हार्ड डिस्क बदलणे हेही असेच स्थलांतर आहे. ते नीट पार पडले तर पुढील काही वर्षांची निश्चिंती लाभते. घाईने उरकले तर दोन पिढ्यांच्या आठवणी एका क्षणात नाहीशा होऊ शकतात.

कपाटाएवढ्या यंत्रापासून खिशातल्या डबीपर्यंत

या डबीचा पूर्वज पाहिला म्हणजे तिचे महत्त्व आणि तिचा नाजूकपणा दोन्ही ध्यानात येतात. सन १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने 'रामॅक' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याला जोडलेल्या साठवणयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर केवळ ५० लाख अक्षरे मावत. ते यंत्र मोठ्या कपाटाहून मोठे आणि वजनाने सुमारे एक टन होते. आजच्या मोबाईलने काढलेला एखादा फोटोही त्यात जेमतेम बसला असता.

पुढे १९८० मध्ये सीगेट कंपनीने ५ मेगाबाइटची, सव्वापाच इंची आकाराची डिस्क तयार केली आणि वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क बसवणे शक्य झाले. सन १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्र्युनबर्ग यांनी स्वतंत्रपणे चुंबकीय रोधासंबंधीचा एक परिणाम शोधून काढला. अत्यंत क्षीण चुंबकीय खूणही त्यामुळे वाचता येऊ लागली आणि तेवढ्याच तबकडीवर कितीतरी अधिक माहिती मावू लागली. या शोधासाठी दोघांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी १ टेराबाइटची पहिली डिस्क बाजारात आली. एका टनाचे यंत्र तळहातावर मावू लागले ते असे.

परंतु आकार कितीही घटला तरी मूळ तत्त्व बदललेले नाही. डबीच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा त्याहून अधिक फेरे घेत असतात. त्यांच्यावरून वाचन-लेखन करणारे हेड तबकडीला स्पर्श न करता, केवळ काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट असते. चालू असलेली डिस्क टेबलावरून खाली पडली, की हेड तबकडीवर आदळते आणि चुंबकीय थर खरवडला जातो. म्हणूनच हार्ड डिस्क ही कायमची तिजोरी समजणे योग्य नव्हे. ते झिजणारे यंत्र आहे.

पूर्वसूचना मिळतेच असे नाही

डिस्क भरली म्हणून ती बदलली जाते. परंतु ती जुनी झाली म्हणूनही बदलावयास हवी, हे सहसा ध्यानात येत नाही. टिकटिक असा आवाज येणे, फाइल उघडण्यास अकारण वेळ लागणे, एखादे फोल्डर अचानक रिकामे दिसणे, जोडलेली डिस्क मधूनच नाहीशी होणे ही बिघाडाची परिचित लक्षणे होत. डिस्कमध्ये स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी 'स्मार्ट' नावाची व्यवस्था असते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने ती नोंद वाचता येते. निकामी झालेल्या जागांची संख्या तीत वाढताना दिसली, तर ती डिस्क निवृत्तीस आली असे समजावे.

गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या संगणककेंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या मानाने ३९ पट असते, असे त्यांना दिसून आले. त्याचबरोबर बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही खूण आधी उमटली नव्हती. तात्पर्य असे, की लक्षण दिसले तर दुर्लक्ष करू नये आणि लक्षण दिसले नाही तरी गाफील राहू नये.

मात्र डिस्क दिसेनाशी झाली म्हणजे ती संपलीच, असेही नाही. अनेकदा दोष केबलचा असतो, किंवा संगणकाच्या यूएसबी जोडणीतून पुरेशी वीज मिळत नसते. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी दुसरी केबल, दुसरी जोडणी आणि दुसरा संगणक वापरून पाहावा.

किती मोठी आणि कोणत्या प्रकारची?

खरेदीपूर्वी थोडे गणित मांडणे हिताचे ठरते. एक फोटो सरासरी ५ मेगाबाइटचा धरला, तर हजार फोटोंना ५ गिगाबाइट जागा लागते. जुन्या हॅंडीकॅमच्या मिनी डीव्ही कॅसेटमधील एक तासाचे चित्रण मूळ दर्जात उतरवल्यास सुमारे १३ गिगाबाइट होते. अशा २० कॅसेट घरात असतील, तर केवळ त्यांनाच २६० गिगाबाइट हवेत. अलीकडच्या मोबाईलमधील फोर-के चित्रणाचे एक मिनिट काहीशे मेगाबाइट जागा घेते. आज असलेल्या ऐवजाच्या किमान दुप्पट, आणि घरात चित्रणाची हौस असेल तर तिप्पट क्षमता घ्यावी, हा व्यवहार्य हिशेब होय.

नवी डिस्क जोडल्यावर १ टेराबाइटऐवजी पडद्यावर ९३१ गिगाबाइट दिसतात आणि दुकानदाराने फसवले अशी शंका येते. ती निराधार आहे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. फरक आहे तो मापाचा. शेर आणि किलो यांच्या हिशेबात जो घोळ पूर्वी होत असे, तोच येथे होतो.

परंतु फसवणूक होतच नाही असेही नव्हे. अत्यल्प किमतीत १६ टेराबाइटची डिस्क देऊ करणाऱ्या जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. अशा डबीत पुष्कळदा एखादे लहानसे मेमरी कार्ड असते आणि मोठी क्षमता दाखवण्यासाठी त्यात फेरफार केलेला असतो. प्रारंभी सारे सुरळीत चालते. खरी मर्यादा संपल्यावर नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात आणि दोन्ही नष्ट होतात. म्हणून खरेदी विश्वासू विक्रेत्याकडून, पावती आणि वॉरंटीसह करावी. 'एच२टेस्टडब्ल्यू'सारखा मोफत प्रोग्रॅम संपूर्ण डिस्क भरून आणि पुन्हा वाचून तिची खरी क्षमता सांगतो. ऐवज उतरवण्यापूर्वी, डिस्क रिकामी असतानाच ही परीक्षा घ्यावी.

यानंतर प्रश्न येतो प्रकाराचा. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क स्वस्त असते आणि मोठ्या साठवणीस योग्य ठरते. त्यातील अडीच इंची डिस्क यूएसबी केबलवरच चालते. साडेतीन इंची डिस्क अधिक क्षमतेची, परंतु तिला विजेचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. मोठ्या क्षमतेच्या कित्येक डिस्कमध्ये नोंदींचे पट्टे कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर किंचित चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण सलग मोठा मजकूर उतरवताना वेग मंदावतो. एकदा भरून ठेवावयाच्या संग्रहाला त्याची अडचण नाही.

एसएसडी या प्रकारात हलणारा भागच नसतो. ती वेगवान असते आणि धक्के सहन करते, म्हणून प्रवासात सोयीची. परंतु तेवढ्याच क्षमतेसाठी किंमत अधिक मोजावी लागते. शिवाय तीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिल्यास हा भार ओसरू शकतो. त्यामुळे एसएसडीमध्ये एकमेव प्रत ठेवून ती कपाटात विसरून जाणे इष्ट नव्हे.

डबी तीच ठेवून आतली डिस्क बदलता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. सुटी डबी घेऊन तीत डिस्क बसवलेली असेल, तर ते सहज शक्य आहे. मात्र जुन्या डबीतील सर्किट २ टेराबाइटपुढील क्षमता ओळखत नाही, असा अनुभव येतो. मोठ्या क्षमतेच्या काही अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटर जाडीच्या असल्याने त्या जुन्या डबीत मावतही नाहीत. कंपनीने बंद करून दिलेल्या तयार डबीचे मात्र काही सांगता येत नाही. काहींमध्ये यूएसबीची जोडणी डिस्कच्या सर्किटवरच असते. काहींमध्ये माहिती सांकेतिक रूपात लिहिली जाते आणि डबीतून काढलेली डिस्क अन्यत्र वाचताच येत नाही. वॉरंटीही संपुष्टात येते ती वेगळीच. घरगुती ग्राहकास नवी डिस्क डबीसह घेणे हाच सोपा मार्ग होय.

स्थलांतर: घाई नको, पडताळणी हवी

नवी डिस्क वापरण्यापूर्वी तिची मांडणी ठरवावी लागते. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे लग्नाची सलग चित्रफीत मध्येच अडते. केवळ विंडोज वापरणाऱ्या घरात एनटीएफएस ही पद्धत योग्य. विंडोज आणि मॅक दोन्ही असतील, तर एक्सफॅट सोयीची. मात्र तीत अचानक केबल ओढल्यास हानी होण्याचा संभव अधिक, म्हणून संगणकाला सूचना देऊनच डिस्क काढावी.

ऐवज हलवताना 'कट' ही आज्ञा कधीही देऊ नये. नेहमी 'कॉपी' करावे. वीज गेली किंवा केबल हलली, तरी मूळ ऐवज जागच्या जागी राहतो. १ टेराबाइट माहिती यूएसबी २.० मधून उतरवण्यास आठ तासांच्या आसपास, तर यूएसबी ३.० मधून साधारण अडीच तास लागतात. हजारो लहान फाइल असतील तर वेळ आणखी वाढतो. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा, तो मध्येच झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी आणि एकेक वर्षाचे फोल्डर क्रमाने उतरवावे. जुनी डिस्क आजारी असेल, तर सर्वांत मौल्यवान फोल्डर आधी घ्यावे. दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यापूर्वी चालवू नयेत. त्या श्रमानेच ती कायमची बंद पडू शकते.

प्रत उतरली म्हणजे काम संपले नाही. मराठी माणसाला हे निराळे सांगावयास नको. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीन शतके हाताने उतरवलेल्या प्रतींमुळेच ती जिवंत राहिली. परंतु त्या प्रतींमध्ये पाठभेदही शिरले. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रत केल्याने ग्रंथ टिकतो आणि ताडून पाहिल्याने तो खरा राहतो. डिस्कच्या बाबतीत हाच न्याय लागू पडतो. दोन्हीकडील फाइलची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. प्रत्येक फोल्डरमधील चार-दोन फोटो आणि चित्रफिती प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. चित्रफीत शेवटपर्यंत पुढे सरकवून पाहावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी 'हॅश' पद्धतीने पडताळणी करावी. ती प्रत्येक फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा घेते आणि एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही.

एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखी

चित्रपटसृष्टीतील एक घटना या संदर्भात प्रसिद्ध आहे. सन १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम सुरू असताना चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाचा बहुतांश भाग संगणकावरून पुसला गेला. राखीव प्रत होती. परंतु ती घेण्याचे काम बरेच दिवस नीट होत नव्हते, हे त्या दिवशीच उघडकीस आले. सुदैवाने गॅलिन ससमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा जपत कार्यालयात आणण्यात आला. एका बलाढ्य कंपनीचे काम वाचले ते एका घरात असलेल्या दुसऱ्या प्रतीमुळे.

या घटनेतून दोन धडे मिळतात. राखीव प्रत अधूनमधून उघडून पाहिली नाही, तर ती आहे की नाही हेच कळत नाही. आणि एक प्रत अन्य वास्तूत असावी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला '३-२-१' हा नियम याच अनुभवाचे सार होय. ऐवजाच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ घराबाहेर असावी. आग, पूर किंवा चोरी यांत घरातल्या दोन्ही डिस्क एकाच वेळी जाऊ शकतात. कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकाच खिशातील दोन पाकिटे.

घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवता येते, किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीकडे अथवा भावाकडे. बँकेच्या लॉकरचाही विचार करता येईल; मात्र आपल्या लॉकर करारातील अटी आधी शाखेत विचारून घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेल्या सूचनांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली अफरातफर अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. तरीही भरपाईतून पैसे मिळतील, आठवणी नव्हेत. म्हणून लॉकरमधील प्रतही एकमेव असता कामा नये. डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी, विशेषतः कोकण, गोवा, कोलकाता अशा दमट हवेच्या ठिकाणी.

डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवणेही धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील असंख्य संगणकांवरील फाइल कुलूपबंद केल्या. असे व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही सोडत नाहीत. काम होताच डिस्क काढून ठेवणे हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय होय.

राखीव प्रत घेण्याची आठवण राहावी म्हणून २०११ पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. भारतात तोच आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. वर्षाचा हिशेब मिटवताना खात्याचे उतारे, विम्याची कागदपत्रे आणि घराचे करार यांच्या जोडीने आठवणींचाही ताळेबंद तपासावा, हे किती सोयीचे!

जुन्या डिस्कला निरोप

नवी डिस्क हाती येताच जुनी पुसून टाकू नये. काही महिने दोन्ही सांभाळाव्यात. जुनी अद्याप सुदृढ असेल, तर तीच दुसरी प्रत म्हणून घराबाहेर पाठवावी. निरोप द्यावयाचाच असेल, तर तीत पॅन आणि आधारच्या प्रती, खात्याचे उतारे, सहीचे नमुने आहेत याचे भान ठेवावे. फाइल 'डिलीट' केल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. मजकूर बहुधा तबकडीवर तसाच राहतो आणि जाणकारास तो परत मिळवता येतो. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ऐवजी पूर्ण फॉरमॅट केल्यास संपूर्ण तबकडीवर शून्ये लिहिली जातात. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. तिच्या तबकड्या निकामी करूनच ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. भंगारवाल्याच्या तराजूत तिचे वजन काही ग्रॅम भरेल, पण तीत कुटुंबाची सारी ओळख असते.

नव्या डिस्कवरही अशी कागदपत्रे ठेवावयाची असल्यास 'बिटलॉकर' किंवा 'व्हेराक्रिप्ट'सारख्या साधनाने त्यांना कुलूप लावावे. पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा, कारण तो हरवल्यास तिजोरी उघडणारा कोणी किल्लीवाला मिळत नाही. एटीएमचा पिन आणि नेट बँकिंगचे पासवर्ड मात्र कोणत्याही डिस्कवर साध्या फाइलमध्ये लिहून ठेवू नयेत.

पूर्वी घराघरांत एक ट्रंक असे. तीत जुने फोटो, कुंडल्या, पत्रे आणि एखादी जरीची पैठणी असे. वर्षातून एकदा उन्हे देऊन ती पुन्हा भरली जाई. कसर लागली असेल तर त्याच दिवशी कळे. आजची ट्रंक तळहाताएवढी झाली आहे, पण वर्षातून एकदा ती उघडून पाहण्याची गरज तेवढीच आहे. दिवाळीच्या रात्री डिस्क भरल्याची सूचना आली, तर ती अडचण न मानता ऐवज तपासण्याचे, ताडण्याचे आणि दुसऱ्या घरी एक प्रत पोहोचवण्याचे निमित्त मानावे. मग आजोबांच्या पंचाहत्तरीची चित्रफीत पुसावी की ठेवावी हा प्रश्नच उरणार नाही. आज फुलबाजी धरणारा नातू पुढे आपल्या मुलांना ती दाखवू शकेल.